राज्याचें ऋण आणि त्याची मर्यादा

तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हें क्षेत्र दक्षिणकाशी म्हणून खानदेशांत मान्यता पावलेलें आहे. पितृऋणांतून मुक्त होण्यासाठीं लोक येथें येतात. परंतु येथेंच तापीवर जें बॅरेज उभें आहे, तें पाहतांना इतिहासाच्या अभ्यासकास दुसऱ्याच एका ऋणाची आठवण होते. तें म्हणजे राज्याचें ऋण.

हा प्रश्न आपणांस नवा नाहीं. थोरल्या बाजीरावांच्या स्वाऱ्यांनीं मराठ्यांची सत्ता वाढली, तसें कर्जहि वाढलें. सावकारांच्या तगाद्यानें जेरीस येऊन त्यांनीं ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेलीं पत्रें प्रसिद्धच आहेत. आणि स्वामी हे स्वतःच त्यांचे एक धनको होते! पुढें 1772 सालीं थेऊर येथें मृत्यु समोर दिसत असतां थोरल्या माधवरावांनीं जी अखेरची यादी केली, तींत कर्ज फेडण्याची आज्ञा आहे. पण ही मर्यादा एका पुरुषाच्या विवेकानें घातलेली होती. पुढच्याच वर्षीं नारायणरावांचा खून झाला, आणि घरच्या कलहांत तो विवेक कोणास आठवणार?

व्यक्तीचा विवेक जेथें अपुरा, तेथें कायदा लागतो. 1950 सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या 293 व्या कलमानें राज्याच्या कर्जास, तसेंच त्यानें दिलेल्या हमीसहि, मर्यादा घालण्याचा अधिकार विधिमंडळास दिला. वित्तीय उत्तरदायित्वाचे कायदे केंद्रानें 2003 सालीं व महाराष्ट्रानें 2005 सालीं केले. परंतु तत्पूर्वींच, 1996 सालीं कृष्णेसाठीं व 1997 सालीं तापीसाठीं, पाटबंधाऱ्यांचीं स्वतंत्र महामंडळें निघालीं होतीं. महामंडळानें रोखे विकावे, शासनानें हमी द्यावी, आणि कर्ज मात्र शासनाच्या वहींत दिसूं नये, अशी ही रीत कृष्णा खोऱ्यापासून पडली. ज्या बाह्य कर्जाचें मुद्दल वा व्याज राज्याच्या तिजोरींतून भरलें जातें, तें राज्याच्या कर्जमर्यादेंत धरण्याचें केंद्रानें ठरविलें, तें 2022 सालीं.

म्हणून बॅरेजें बांधूंच नयेत काय? पाण्याची किंमत खानदेशच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. जें बांधकाम पुढील पिढ्यांस पाणी देईल, त्याचा कांहीं भार त्यांनीं उचलणें न्याय्यच आहे. मात्र आपण किती देणें लागतों, हें त्यांस कळलें पाहिजे. संगमावर पिंडदान करणारा पुत्र नांवगोत्र उच्चारूनच आपलें ऋण फेडतो. राज्यानेंहि आपल्या ऋणाचा उच्चार मोकळेपणीं करावा. जें मोजलेंच जात नाहीं, त्यास मर्यादा कशी घालणार?