रत्नागिरीतील सामाजिक शास्त्रांचे उच्च शिक्षण

रत्नागिरी जिल्हा १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. संलग्न महाविद्यालयांच्या पद्धतीत अध्यापन महाविद्यालयात होते आणि पदवी विद्यापीठ देते. रत्नागिरी शहरात गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी पदवीसाठी जिल्हा सोडणे भाग होते. मुंबईला जाण्याचा मुख्य मार्ग समुद्राचा होता व पावसाळ्यात बोटी बंद असत.

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. १९२४ मध्ये गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३-१९८३) त्याचे प्रमुख झाले. त्यांचा जन्म मालवणचा. मालवण आज सिंधुदुर्गात असले, तरी १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते. त्यामुळे जुन्या अर्थाने घुर्ये रत्नागिरी जिल्ह्याचेच. त्यांनी मुळात संस्कृतचा अभ्यास केला होता. जातिसंस्थेच्या विवेचनात त्यांनी प्राचीन ग्रंथांचा आधार घेतला, तो या व्यासंगामुळेच. एम. एन. श्रीनिवास व अ. र. देसाई हे त्यांचे विद्यार्थी. इरावती कर्वे यांनीही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ मध्ये एम. ए. पदवी मिळवली. कोकणातील समाज असा लवकर अभ्यासविषय झाला. अभ्यासाचे केंद्र मात्र मुंबईच राहिले.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाल्यावर प्रवास सुकर झाला. विद्यापीठाचे उपकेंद्र आता रत्नागिरीत आहे, पण समाजशास्त्र विभाग व मध्यवर्ती ग्रंथालय मुंबईतच असल्याने संशोधकाला तेथे जावेच लागते. कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी वेळोवेळी होत आली आहे.