तपासणी आमच्या बायांवर सिद्ध झाली, वाट्याला मात्र ऑपरेशन आलं

राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेल्या आमच्या जयसिंगपुरात दरवर्षी ऊस परिषद भरते. टनाला दर किती, पहिली उचल किती, यावर मैदान दणाणतं. शेतकऱ्याने घामाचं दाम मागावं, यावर आमचं काहीच म्हणणं नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. तो ऊस जी बाई तोडते, तिच्या शरीराचा हिशोब कोणत्या परिषदेत मांडायचा?

दिवाळी झाली की बीड, धाराशिवकडच्या टोळ्या शिरोळ तालुक्यात उतरतात. त्यांच्या कोप्यांवर आम्ही जातो तेव्हा तिशी-पस्तिशीच्या बाया सहज सांगतात, "पिशवी काढलीय." का काढली, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "डॉक्टर म्हणाले, ठेवली तर क्यान्सर होईल."

हे काही एखाद-दुसऱ्या बाईचं दुखणं नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत काम चुकलं तर मुकादम खाडा कापणार, आणि अंगावरचं जात असल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलं तर कर्करोगाची भीती घालणार. दोन्हींचा शेवट ऑपरेशन टेबलावर.

आता या भीतीचा इतिहास पाहू. कारण त्यात खरं काय आणि खोटं काय, हे समजल्याशिवाय ही लूट कळत नाही.

१८४२ साली इटलीतल्या रिगोनी-स्टर्न या डॉक्टरने व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. गर्भाशयाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांत लग्न झालेल्या बाया जास्त आणि मठातल्या जोगिणी फार थोड्या, असं त्याला दिसलं. रोगाचा शरीरसंबंधाशी काही संबंध असावा, हा धागा तिथून मिळाला. पण समाजाने त्याचा सोयीचा अर्थ लावला आणि बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं.

खरं कारण सापडायला पुढे जवळपास दीडशे वर्षं गेली. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजे एचपीव्हीचे, १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार दाखवून दिले. या कामासाठी २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. १८ क्रमांकाचा विषाणू हेन्रिएटा लॅक्स या काळ्या बाईच्या पेशींतही सापडला. १९५१ साली अमेरिकेत याच रोगाने ती वारली. तिच्या पेशी तिला न विचारता काढून घेतल्या होत्या आणि त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत होत्या. ज्ञान कोणाच्या शरीरातून येतं आणि फायदा आधी कोणाला मिळतो, हे इथेच दिसतं.

हा विषाणू इतका सर्रास आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बायापुरुषांना तो कधी ना कधी लागतो. आयुष्यभर एकाच नवऱ्याशी नांदलेल्या बाईलाही लागतो, कारण नवराच तो घेऊन येऊ शकतो. बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत शरीर त्याला हटवतं. थोड्या जणींत तो ठाण मांडतो, पेशींचा लगाम सैल करतो आणि साधारण दहा-वीस वर्षांनी त्याचा कर्करोग होतो. म्हणजे बाईच्या हातात दहा वर्षं असतात! या काळात तपासणी झाली तर गर्भाशयमुखावरचा बिघडलेला भाग गोठवून किंवा जाळून काढता येतो. पिशवी काढावी लागत नाही. उसावर मावा पडेल या भीतीने अख्खा फड पेटवणाऱ्याला आपण शेतकरी म्हणत नाही. मग तपासणी न करता पिशवी काढणाऱ्याला डॉक्टर का म्हणायचं?

आणि ही तपासणी कामाची आहे, हे कुठे सिद्ध झालं? अमेरिकेत नव्हे, बीडच्या शेजारच्या जिल्ह्यात! १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. पैसा गेट्स फाउंडेशनचा. खेड्यांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया घेतल्या. एका भागात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्यात 'नेहमीची सेवा'.

निकाल २००९ साली छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ बायांपैकी ३४ या कर्करोगाने गेल्या. 'नेहमीच्या सेवे'तल्या ३१,४८८ पैकी ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मरण जवळपास निम्म्यावर आलं. जगभरच्या धोरणांना या आकड्यांचा आधार मिळाला.

पण 'नेहमीची सेवा' म्हणजे काय? तपासणी नाही, ही सेवा! संशोधकांचं म्हणणं असं की, तिथे तशीही सोय नव्हती, आम्ही कोणाचं काही काढून घेतलं नाही. हे खरं आहे, आणि आमचा आक्षेप नेमका त्यावरच आहे. गावकुसाच्या कडेला राहणाऱ्या बाईला काहीच न मिळणं हेच जिथे 'नेहमीचं' धरलं जातं, तिथे दोष एका अभ्यासाचा राहत नाही, तो व्यवस्थेचा होतो. आणि निकाल आल्यावर तरी काय बदललं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी ही तपासणी कधी तरी झालेल्या फक्त १.९ टक्के होत्या. शंभरात दोनही नाहीत.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी कामकरी बाईच्या विश्रांतीचा प्रश्न तिच्या घरापुरता ठेवला नाही. तो राष्ट्राच्या हिताचा आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी भूमिका घेतली. त्याला शंभर वर्षं होत आली. ऊसतोड बाई मात्र अजून आपल्या शरीराचा भार एकटीच वाहते, आणि तो हलका करायचा म्हणून उचल घेऊन पिशवी काढते.

म्हणून आमची मागणी दयेची नाही, हक्काची आहे. गाळप हंगामात प्रत्येक कारखान्याच्या तळावर तिशीपुढच्या बायांची एचपीव्ही चाचणी व्हावी. नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, त्यामुळे लाजेची सबब चालणार नाही. दोष निघाला तर उपचार त्याच हंगामात व्हावेत आणि त्या दिवसाचा खाडा कापू नये. ९ ते १४ वयाच्या मुलींना लस मोफत मिळावी, टोळीबरोबर फिरणाऱ्या मुलींनाही. लस पुण्यात बनते, ती कोपीपर्यंत यायला अंतर किलोमीटरचं नाही, जातीचं आणि वर्गाचं आहे.

आणि बायांनो, कोणी म्हणालं "पिशवी काढा, नाहीतर क्यान्सर होईल", तर आधी एकच विचारा: तपासणीचा कागद कुठे आहे? कागद नसेल तर टेबलावर चढू नका. तो कागद किती मोलाचा आहे, हे आपल्याच धाराशिवच्या बायांनी जगाला दाखवून दिलंय.

जय भीम!