कोरडे पाय

खाडीपलीकडच्या एका शाळेत मी पहिल्यांदा रुजू झालो, तो जुलैचा महिना होता. पायांत नवे कोरे गमबूट. ओहोटी लागली होती आणि होडी काठाला लागत नव्हती. होडीवाल्याने एकवार माझ्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, हे चिखलात रुततील. पाठीवर बसा." त्याचे वय माझ्या वडिलांएवढे. मी बसलो. काठावर शाळेची मुले उभी होती. ती हसली नाहीत. त्यांना त्यात नवल वाटले नाही, ह्याचेच मला आजवर वाईट वाटते.

पुढे इतिहास शिकवता शिकवता ह्या कोरड्या पायांचा माग काढण्याचा नाद मला लागला.

अठराव्या शतकात कॅनडात माँट्रियलजवळच्या लाशीनहून सुपीरियर सरोवराकडे केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी मोठमोठ्या होड्या जात. आपल्याकडे ज्या भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच कुळातल्या झाडाच्या सालीची ही होडी सुमारे ३६ फूट लांब असे. सांधे मुळ्यांनी शिवलेले आणि राळेने लिंपलेले. दगडाला घासली की ती फाटायची. म्हणून ती काठाला न भिडवता पाण्यातच तरंगती धरीत, आणि 'व्हॉयाजर' म्हणवणारे वल्हेकरी थंडगार पाण्यात उड्या टाकून माल उतरवीत. एकेक गाठोडे ९० पौंडांचे. पाठीवर बहुधा दोन. पायांत हरणाच्या कातड्याची मऊ मोकासिने. ती भिजायचीच. कंपनीचे भागीदार मात्र ह्याच माणसांच्या पाठीवर बसून काठावर उतरत. हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून मी काही वेळ तसाच बसून राहिलो.

त्याच्याही उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, इन्युइट लोकांनी पाणी खरोखरच बाहेर ठेवले होते. कयाकमध्ये बसणाऱ्या शिकाऱ्याचे बूट सीलच्या कातड्याचे. ते शिवणाऱ्या बायका सुई कातड्याच्या आरपार जाऊ देत नसत. अर्ध्या जाडीतूनच टाका फिरवीत. दोरा जनावराच्या स्नायूचा. तो भिजला की फुगून छिद्र बुजवी. तळव्याचे कडक कातडे मऊ करायला त्या ते दातांनी चावीत. पुरुषाचे पाय कोरडे राहिले, बाईचे दात झिजले.

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या काठी उपाय निराळा होता. तिथले लोक झाडाचा चीक साच्यावर थरावर थर चढवून धुरावर सुकवीत. त्यापासून बाटल्या आणि बूट होतात, हे ला कोंदामीन ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४५ साली पॅरिसच्या अकादमीला सांगितले. पुढे हे जोडे बोस्टनच्या बाजारात पोहोचले; पण उन्हाळ्यात ते चिकट होत आणि हिवाळ्यात तडकत. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता ह्यांची किमया सापडली आणि रबर टिकाऊ झाले. १८४४ साली त्याला पेटंटही मिळाले. पण १८६० साली तो मेला तो कर्जातच. १९१२ साली अमेरिकेतील मेन प्रांतात लिऑन बीन ह्याने रबरी तळाला कातडी वरचा भाग शिवून शिकाऱ्यांसाठी बूट काढला. पहिल्या १०० जोड्यांपैकी ९० शिवण उसवून परत आल्या. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले आणि बूट सुधारला.

तथापि रबराची हाव वाढली, तिची किंमत कोणी दिली? राजा लिओपोल्डच्या काँगोत (१८८५ ते १९०८) ठरलेले रबर न आणणाऱ्या गावांतल्या माणसांचे हात तोडले गेले. रॉजर केसमेंटने १९०४ साली ते जगापुढे मांडले. १९१० साली तोच ॲमेझॉनच्या पुतुमायो खोऱ्यात गेला, तर तिथेही चाबूक आणि साखळदंड. त्या रबराला खरी ओढ गाड्यांच्या टायरांची होती, हे खरे. पण बुटांचे कारखानेही त्याच जागतिक बाजारातून माल उचलीत.

होडीत कोणता बूट घालावा, असे आज कोणी विचारले तर मी सांगेन : बूट कितीही उंच असो, पाणी त्याच्या तोंडाशी आले की आत शिरते, आणि भरलेला बूट रिकाम्यापेक्षा वाईट. म्हणून कित्येक वल्हेकरी आता पाणी निथळून जाईल असेच पायताण घालतात. थंड पाण्यासाठी निओप्रीनचे बूट आहेत. त्या कृत्रिम रबराचा शोध १९३० सालचा. त्यांत पाय कोरडे राहतीलच असे नाही, पण उबदार राहतात. आमच्या कोकणात भाताची लावणी करणाऱ्या बाईला ह्यातले काहीच नसते. पायाला जखम असली तर त्या चिखलातूनच लेप्टोचा ताप शिरतो.

दुसऱ्या दिवशी मी बूट काखेत मारून स्वतः होडीतून उतरलो. होडीवाला काही बोलला नाही. चिखलात कालवांच्या शिंपा होत्या. चार पावलांतच तळव्याला धार लागली, आणि आदल्या दिवशी माझे ओझे घेऊन तो कशावरून चालला होता ते मला कळले.