चौदा दिवसांची कलाकृती

ख्रिस्तो व जान-क्लोद यांचे ‘रनिंग फेन्स’ सप्टेंबर १९७६मध्ये कॅलिफोर्नियात उभे राहिले: साडेपाच मीटर उंच, सुमारे ३९ किलोमीटर लांब, शुभ्र नायलॉनचे कुंपण, कुरणांच्या टेकड्यांवरून थेट पॅसिफिक महासागरात उतरलेले. ते टिकले अवघे १४ दिवस. त्याआधीची वर्षे मात्र ५९ पशुपालकांच्या संमती, १८ जाहीर सुनावण्या, न्यायालयातील वाद आणि ४५० पृष्ठांचा पर्यावरण-अहवाल यांत गेली. हा सारा खटाटोप केवळ पूर्वतयारी मानला, तर समीक्षेच्या हाती छायाचित्रेच उरतात. ख्रिस्तो तो कलाकृतीचाच भाग मानीत. तसे असेल, तर सुनावणीत ‘ही कला नव्हेच’ असे बजावणारा विरोधकही तिचा सहकर्ता ठरतो. त्याची संमती कोणी घेतली होती?