गाइसबर्ग, फ्रेड
(१ जानेवारी १८७३–२ सप्टेंबर १९५१). अमेरिकन ध्वनिमुद्रक व ध्वनिमुद्रिका-निर्माता. जन्म वॉशिंग्टन येथे. तबकडीचा जनक एमिल बर्लिनर याच्या हाताखाली तो तयार झाला आणि १८९८ मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी लंडनला गेला. एप्रिल १९०२ मध्ये मिलानच्या हॉटेलात त्याने गायक एन्रीको कारूझोची दहा गाणी मुद्रित केली. शंभर पौंडांची बिदागी कंपनीला डोईजड वाटली होती. गाइसबर्गने कंपनीची हरकत मानली नाही, आणि ते बरेच झाले. त्याच वर्षी कलकत्त्यात त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. ध्वनिग्राहक यंत्र तेव्हा नव्हतेच. गायिका कर्ण्याच्या तोंडाशी उभी राहून गाई आणि सुई मेणाच्या तबकडीवर आवाज कोरी. जेमतेम तीन मिनिटांत राग आटोपून शेवटी ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगे. पुढे विद्युत् मुद्रण आले. १९३२ मध्ये एल्गारच्या व्हायोलिन कंचेर्तोसाठी वृद्ध रचनाकार व कोवळा व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांना एकत्र आणण्यामागे तोच होता. यंत्रापेक्षा माणसांची पारख हेच त्याचे खरे भांडवल. १९४२ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. लंडन येथे त्याचे निधन झाले.