गुरांचं करणं

गेल्या वर्षी एका संस्थेची प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. खेड्यातल्या बायकांच्या श्रमांविषयीची ती पाहणी होती. पहिलाच प्रश्न होता, 'तुम्ही काम करता का?' भाषांतराला दहा सेकंदंही लागली नाहीत. पण लिहून झालं आणि मी थांबले. हाच प्रश्न मी लहानपणी आमच्या गोठ्यात ऐकला होता.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातलं, कमी पावसाच्या पट्ट्यातलं. थोडी कोरडवाहू जमीन, एक खिलार बैलजोडी, एक म्हैस, तिची रेडी आणि पाच-सहा शेळ्या. फेब्रुवारी १९९१मध्ये जनगणना चालू होती. आमच्या शाळेचेच एक गुरुजी कागद घेऊन दारात आले. आजी तेव्हा म्हशीखालचं शेण ओढत होती. गुरुजींनी विचारलं, "आजी, तुम्ही काम काय करता?" आजी पाटी खाली न ठेवताच म्हणाली, "काम कसलं गुरुजी, घरीच असतीया. गुरांचं करायचं, दुसरं काय?" गुरुजींनी 'घरकाम' लिहिलं आणि ते पुढच्या घरी गेले.

आजी खोटं बोलली नव्हती. आमच्याकडे 'कामाला जाणे' म्हणजे दुसऱ्याच्या रानात रोजगाराने जाणे. घरच्या जनावरांच्या बाबतीत 'करणे' हे क्रियापद येतं, आणि त्याच्या आधी काम हा शब्द येत नाही. गुरांचं करायचं, बाळंतिणीचं करायचं, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करायचं. जे आपल्यावर अवलंबून आहे, त्याचं 'करायचं' असतं. मराठीचा हा एक सुंदर प्रयोग आहे. पण या प्रयोगामुळेच आजीचं आयुष्य सरकारी कागदावरून निसटलं.

त्या आयुष्याचा एक वर्षभराचा क्रम होता. माघ-फाल्गुनात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, काढणीला यायचा. कणसं पुरुषांच्या नजरेत असायची, तर आजीची नजर कडब्यावर. पेंढ्या बांधून, वाहून आणून त्यांची गंज रचायची. पावसाळ्यात पाणी आत शिरणार नाही अशी ती रचली नाही, तर आतला कडबा काळा पडतो आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. गंज किती मोठी झाली यावरून आजी दिवाळीपर्यंतचा हिशेब मनात मांडायची आणि एखादी शेळी विकायची की ठेवायची, हे त्याच हिशेबावर ठरायचं.

चैत्र-वैशाखात शेणी थापायच्या. उन्हात वाळवून त्यांचा ढीग रचायचा आणि पावसात चूल पेटावी म्हणून तो वरून शेणाने लिंपायचा. उकिरड्यातलं खत पहिल्या पावसाआधी रानात पडायला हवं. बैलगाडी आजोबा हाकायचे, पाट्या भरायच्या बायकांनी. याच दिवसांत विहीर तळाला जायची. दुभत्या म्हशीला दिवसाला कित्येक घागरी पाणी लागतं, आणि ते डोक्यावरून यायचं.

आषाढात बेंदूर. देशावर इतरत्र श्रावणी अमावास्येला पोळा असतो, तसा आमच्याकडे बैलांचा हा सण. आदल्या दिवशी खांदेमळणी, म्हणजे जुवाने घट्टे पडलेले बैलांचे खांदे हळद-तेलाने चोळायचे. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवायची, पुरणपोळी खाऊ घालायची, गावातून मिरवायचं. मिरवणुकीत पुरुष असायचे. पुरण वाटणाऱ्या बायका उंबऱ्यात उभ्या राहून बैलांच्या पायांवर पाणी घालायच्या आणि आत वळायच्या.

पावसाळ्यात बांधावरचं गवत विळ्याने कापून भारा डोक्यावर आणायचा. गोठ्यात चिखल, माश्या, गोचीड. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचा. म्हैस बहुधा पावसाळ्यात नाही तर दिवाळीच्या सुमारास व्यायची. मग आजी रात्र गोठ्यात काढायची. पहिल्या चिकाचा खरवस गल्लीत वाटला जायचा. त्यानंतर काही महिने दूध, मग भाकडकाळ. म्हैस आटली की आजीच्या हातांनाही थोडी उसंत मिळायची.

हा क्रम अनादी काळापासून असाच चालत आलेला नव्हता. इंग्रज सरकारने १८७८च्या कायद्याने जंगलं ताब्यात घेतली. पाच वर्षांनी पुरं झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी तक्रार केली की गायरानं जंगल खात्याच्या घशात गेल्यामुळे शेतकऱ्याला जनावरं पोसणं कठीण झालं. या तक्रारीकडे आपण शेतसाऱ्याच्या आणि कर्जाच्या इतिहासाचा भाग म्हणून पाहतो. गोठ्यातून पाहिलं तर तिचा आणखी एक अर्थ लागतो. चरायला जाणारं जनावर स्वतःच्या पायांनी चाऱ्यापर्यंत जातं. ते दावणीला बांधलं गेलं, की चाऱ्याला त्याच्यापर्यंत यावं लागतं, आणि तो भारा कुणाच्या तरी डोक्यावरून येतो.

दुसरा मोठा बदल आमच्या डोळ्यांदेखत झाला. मी सध्या बडोद्यात राहते. इथून तासाभरावर आणंद आहे. तिथे १९४६मध्ये खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ उभा राहिला आणि त्याच नमुन्यावर १९७०पासून 'ऑपरेशन फ्लड' देशभर गेलं. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७मध्ये स्थापन केलेल्या 'बाएफ'ने संकरित गाई शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेल्या. आमच्या गोठ्यातही एक गाय आली. तिचा वंश कोणताही असो, गावाने तिला 'जर्सी'च म्हटलं. हातात दर दहा दिवसांनी रोख पैसा येऊ लागला. माझी शाळेची फी त्या पैशातून भरली गेली, त्यामुळे दुधाच्या या इतिहासाबद्दल कृतघ्न होणं मला जमणार नाही.

पण आजीच्या वर्षाचा त्यामुळे दिवस झाला. डेअरी सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी उघडायची. त्याआधी धार निघालीच पाहिजे, मग घरात लग्न असो की मयत. संकरित गाय जास्त खाते, जास्त आजारी पडते, आणि हिरवा चारा तिला बारा महिने लागतो. पूर्वी पावसाळ्यापुरता असणारा भारा आता उन्हाळ्यातही आणावा लागू लागला. भाकडकाळातली उसंत संपली, कारण एक आटली तर दुसरी दुभती ठेवायची. आणि डेअरीचं पुस्तक आजोबांच्या नावावर होतं. दूध घालायला मीच जायची. मापं आणि फॅट लिहिलेल्या त्या पुस्तकात आजीचं नाव कुठेच नव्हतं.

प्रश्नावलीच्या निमित्ताने मी मोजणीचा इतिहास वाचू लागले. देशात जनावरांची गणना १९१९-२०पासून होते आहे, साधारण दर पाच वर्षांनी. त्या गणनेत म्हैस दुभती आहे, भाकड आहे की अजून व्यायचीच आहे, हे वेगवेगळं नोंदवलं जातं. माणसांच्या जनगणनेत बाईबद्दल इतकी बारकाई नव्हती. १९७१मध्ये 'मुख्य व्यवसाय' विचारला गेला आणि काम करणाऱ्या स्त्रियांचा आकडा १९६१च्या तुलनेत धाडकन खाली आला. बायकांनी काम सोडलं नव्हतं, फक्त प्रश्न बदलला होता. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८८च्या 'श्रमशक्ती' अहवालात या न दिसणाऱ्या कामाकडे लक्ष वेधलं. १९९१च्या प्रश्नात 'घरच्या शेतात किंवा व्यवसायात विनामोबदला केलेलं काम धरून' अशी पुस्ती जोडली गेली. केवळ घरच्या वापरासाठी दूध काढणं हेही काम आहे, हे मात्र जनगणनेने २००१मध्ये मान्य केलं. म्हशीची नोंद सुरू झाल्यापासून तिची धार काढणारीची नोंद होईपर्यंत ऐंशी वर्षं गेली.

आमच्या घरचं दूध डेअरीला जात होतं, म्हणजे १९९१च्या नियमानेही आजी 'काम करणारी'च होती. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, आजीने सांगितलं, त्यांनी लिहिलं. चूक त्या दोघांमधल्या एका शब्दात होती. आणि तोच शब्द तेहतीस वर्षांनी मी पुन्हा तसाच उतरवून ठेवला होता.

मी गावी काकींना फोन केला. आजीनंतर गोठा त्यांच्याकडे आहे. प्रश्नावलीतला प्रश्न जसाच्या तसा विचारला, "काकी, तुम्ही काम करता का?"

"आता कुठलं गं! गुडघं दुखत्यात. रोजगाराला जायाचं कवाच सोडलं."

मग मी प्रश्न बदलला. "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?"

काकींनी पहाटेच्या झाडलोटीपासून सुरुवात केली. शेण काढलं, वैरण टाकली, धार काढली, कासेला सूज होती म्हणून गरम पाण्याने शेकलं, डॉक्टरला फोन लावला, वासराला वेगळं बांधलं, मका कापून आणला. वीस मिनिटं झाली तरी दुपार उजाडली नव्हती. मी भराभर लिहून घेत होते.

संस्थेला मी दोन्ही प्रश्न पाठवले आणि दुसरा आधी विचारावा, अशी टीप जोडली. त्यामुळे प्रश्नावली लांबते, असं त्यांचं उत्तर आलं, पण प्रश्न त्यांनी ठेवला.

त्या दिवशी काकींची यादी मात्र अर्धीच राहिली. मध्येच मागून हंबरण्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "थांब बाई, धारंची वेळ झाली. गुरांचं करते आन् मग बोलू."