प्यूब्लो लोक
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागातील शेतीप्रधान आदिवासी. न्यू मेक्सिकोत त्यांची १९ गावे असून ॲरिझोनातील होपी याच समूहात मोडतात. कोरोनादोची स्पॅनिश मोहीम १५४० मध्ये येथे पोहोचली. १५९८ मध्ये ओन्याते या स्पॅनिश सेनानीने वसाहत स्थापली. सक्तीचे श्रम, धान्यवसुली आणि धर्मविधींवरील बंदी यांमुळे असंतोष वाढला. ऑगस्ट १६८० मध्ये पोपे या धर्मनेत्याने उठाव घडवला. गाठी मारलेल्या दोऱ्या घेऊन धावपटू गावोगाव गेले. रोज एक गाठ सोडून उठावाचा दिवस मोजला जाई. स्पॅनिशांना सांता फे सोडावे लागले. ते १६९२ मध्ये परतले, पण पूर्वीची वेठपद्धती टिकली नाही.

हा प्रदेश १८२१ मध्ये मेक्सिकोकडे व १८४८ च्या तहाने अमेरिकेकडे गेला. जमिनींवरील अतिक्रमणांना अनुकूल असे बर्सम विधेयकाला गावांनी १९२२ मध्ये एकजुटीने विरोध केला व ते हाणून पाडले. न्यू मेक्सिकोत त्यांना मताधिकार १९४८ मध्ये मिळाला. ताओस गावचे पवित्र ब्लू लेक सरोवर १९७० मध्ये परत मिळाले. लगुना गावच्या डेब हालंड २०२१ मध्ये अंतर्गत व्यवहार मंत्री झाल्या. अमेरिकी मंत्रिमंडळातील त्या पहिल्या मूलनिवासी मंत्री होत. मक्याची शेती, मृत्पात्रकला व स्वभाषा प्यूब्लो लोकांनी आजही निष्ठेने जपल्या आहेत.